जवळचे नातेवाईक

विद्यापीठाच्या नियमांत नवं कलम येणार होतं. परिषदेच्या सदस्यांच्या जवळच्या नातेवाइकांना इथे नोकरी मिळणार नव्हती. मी विधी अधिकारी, परिषदेच्या बैठकीत मसुदा वाचून दाखवत होतो. संशय घेणं हा माझा धंदाच आहे.

“मेहुणा कसला आलाय जवळचा?” प्राचार्य म्हणाले. मी वर पाहिलं, तर त्यांनी घाईघाईने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

“भाचाही वगळा. तो बहिणीच्या घरचा,” अधिष्ठात्यांनी री ओढली. मग कुणी साडूची वकिली केली, कुणी पुतण्याची. कोणाचं घोडं कुठे अडलंय, ते मला आपसूक कळत गेलं.

कुलगुरू तेवढे गप्प होते. माझा सगळा संशय त्यांच्याकडे सरकला. गोतावळा एवढा मोठा, आणि हा माणूस एकही नातं वगळा म्हणत नाही?

शेवटी त्यांनी टेबलावर हात आपटला. “लाज वाटते का काही? एकही नातं वगळायचं नाही. उलट जावई राहिलाय, तोही घाला!”

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. कलम एकमताने मंजूर झालं. मी मनातल्या मनात स्वतःचे कान धरले.

“सर, लागू कधीपासून?”

“आजपासून. मागच्या नेमणुका उकरत बसू नका.”

बैठक उठली. व्हरांड्यात कुलगुरू माझ्या पुढेच चालत होते, फोन कानाला लावून.

“कालच रुजू झालात ना, जावईबापू? मग आता निर्धास्त राहा.”