सात नंबरचं गार्ड

मिस्त्री फाटकापर्यंत गेला आणि पुन्हा मागे वळला. पहारेकरी हसला. आज तिसऱ्यांदा, असं त्याने बोटांनीच दाखवलं.

मिस्त्री कार्डिंग खात्यात शिरला. कापूस विंचरणाऱ्या मशिनच्या रांगेतून सात नंबरपाशी आला आणि गार्डच्या चारही बोल्टवर अंगठा दाबून पाहिला. पत्रा जागेवर होता. आतली दातेरी चाकं झाकलेली होती. त्याचा जीव भांड्यात पडला, पण तेवढ्यापुरताच. फाटकाशी पोचेपर्यंत पुन्हा मन खायला लागणार, हे त्याला माहीत होतं.

खात्यात त्याला ठिपक्या मिस्त्री म्हणत. गार्ड उघडायचं तर आधी कानशीने बोल्टवरचा जुना रंग खरवडून काढायचा, आणि परत बसवून पाना शेवटचा फिरवला की प्रत्येक डोक्यावर लाल रंगाचा एक ठिपका द्यायचा, ही त्याची रीत. मिस्त्री मशिनला नटवतो म्हणून लोक चिडवत. तो चिडत नसे. उस्तादाने लावलेली सवय होती आणि बत्तीस वर्षांत ती मोडली नव्हती.

मोडली असलीच तर एकदाच, आणि तीही नको त्या दिवशी.

त्या सकाळी बोल्टवरचा रंग खरवडून त्याने सात नंबरचं गार्ड उघडलं आणि तो चाकांना ग्रीस देत होता. तेवढ्यात घरून फोन आला, बायको जिन्यावरून पडली होती. पुढचं त्याला आठवत होतं ते थेट हॉस्पिटलच्या दारापासून. मधली दहा-पंधरा मिनिटं डोक्यातून पार पुसली गेली होती. गार्ड लावलं की तसंच टाकून धावलो, काही केल्या आठवेना.

दुपारी सात नंबर चालवणाऱ्या कार्डरचा हात त्या चाकांत गेला. लोक धावले तेव्हा गार्ड भिंतीला टेकवलेलं होतं. बोल्ट शोधूनही सापडले नाहीत. तिसऱ्या दिवशी कार्डर गेला.

चौदा वर्षं मिस्त्रीने आणि त्याने एकाच बाकावर डबे उघडले होते. एकाच्या घरी भाजी खारट झाली तर दुसऱ्याला आधी कळायचं.

आता कार्डर बाकावर येत नसे. जेवणाच्या सुट्टीत मशिनं थांबली, भर दुपारी खातं गप्प झालं, की तो सात नंबरपाशी उभा दिसायचा. उजवा हात पँटच्या खिशात. बोलायचा नाही, रागवायचाही नाही, नुसता बघायचा. तो हात खिशात का आहे हे मिस्त्रीला बरोबर कळायचं. मेल्यावरही पठ्ठ्याला मित्राची भीड पडत होती. आपल्याला तो हात दिसू नये म्हणून लपवत होता.

चौकशी सोमवारी होती. खात्यातले निम्मे लोक गार्ड काढून चालत्या मशिनमधला अडकलेला कापूस ओढत, कारण मशिन थांबवलं की माल कमी निघे. कार्डरनेही तेच केलं, असं साहेबांचं म्हणणं होतं. तसं ठरलं तर त्याच्या बायकोला त्याच्या जागी काम मिळणार नव्हतं आणि कंपनीची खोली सोडावी लागणार होती. घरात ती आणि तिची म्हातारी सासू, दोघीच. जाणार कुठे?

रविवारी मिस्त्री त्यांच्याकडे गेला. वहिनी तांदूळ निवडत होत्या.

"भाऊजी, ते गार्डला हात लावत नव्हते," त्या म्हणाल्या. "तुम्ही रागवाल म्हणून."

"मला आठवत नाही, वहिनी. लावलं की नाही, खरंच आठवत नाही."

वहिनींचं बोट ताटातच थांबलं. "मग उद्या साहेबांना आठवत नाही सांगून येऊ नका," त्या हळूच म्हणाल्या.

घरी बायकोने हात जोडले. तीन वर्षं राहिलीत नोकरीची, आठवत नाही तर आठवत नाही एवढंच सांगा, असं ती परत परत म्हणाली. मिस्त्रीने विचारलं, मग त्याला तोंड कसं दाखवू? कुणाला, हे विचारायचा तिला धीर झाला नाही.

सोमवारी त्याने साहेबांना सांगून टाकलं, गार्ड मीच उघडं ठेवून गेलो, त्याची काही चूक नाही. लिहून दिलं, खाली सही केली. दुपारपर्यंत त्याला कामावरून काढल्याचा कागद हातात आला. पोलिसांत जावं लागेल, असंही साहेब म्हणाले.

जाताना तो सात नंबरपाशी गेला. कार्डर तिथेच होता, तसाच, खिशात हात घालून. आज पहिल्यांदाच त्याने मान हलवली, नाही म्हणाल्यासारखी. एवढं करूनही माफी नाही, असं वाटून मिस्त्रीला रडू आलं.

चार दिवसांनी तो कार्डरच्या खोलीवर गेला. वहिनींना कामाचं पत्र मिळालं होतं. त्यांनी ते दाखवलं, पण वर बघितलं नाही. चहा ठेवते म्हणून घाईने आत गेल्या.

सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. त्यांना आता नीट दिसत नसे. मिस्त्रीचा आवाज ऐकून त्यांनी उशीखालून एक पुरचुंडी काढली.

"बरा आलास रे. हे तुमच्या कारखान्याचं असणार, घेऊन जा. हॉस्पिटलातून कपडे आले ना, त्याच्या पँटच्या खिशात होतं. सून म्हणाली, फेकून द्या. मी म्हटलं, चांगलं लोखंड आहे, कशाला फेकायचं? तिला न सांगता ठेवलं."

आत कपबशांचा आवाज एकदम थांबला.

म्हातारीने चाचपडत गाठ सोडली आणि चार बोल्ट त्याच्या तळहातावर ठेवले. चारही बोल्टच्या डोक्यावर लाल ठिपका होता.