पाठवणीचं गाणं

सत्काराची शाल सावरत कुमुदताई माईककडे निघाल्या, तेवढ्यात विंगेत एका प्रौढ बाईनं त्यांचा हात धरला. "ते जुनं पाठवणीचं गाणं म्हणणार ना? ‘सोसेल तीच लेक शहाणी’?"

ताईंनी हसून होकार दिला. त्याच गाण्यानं त्यांना घरोघरी पोचवलं होतं.

"माझी थोरली बहीण अंगावर वळ घेऊन तीनदा माहेरी आली. बाबा दर वेळी तुमची रेकॉर्ड लावायचे, डोळे पुसायचे आणि तिला परत सोडून यायचे. चौथ्यांदा ती आलीच नाही. विहिरीतून काढली तिला."

ताई स्वतः सहा महिन्यांत सासर सोडून आल्या होत्या. वडिलांनी कारणसुद्धा न विचारता त्यांना घरात घेतलं होतं.

माईकपुढे त्या कशाबशा म्हणाल्या, "ते गाणं आता मला म्हणवत नाही."

"वय झालं हो," पहिल्या रांगेतल्या आजी हळहळल्या आणि ताईंना सांभाळून घ्यायला त्यांनीच सूर लावला. बघता बघता सभागृहातल्या साऱ्या बायका गाऊ लागल्या. कुणाचा एक शब्दही चुकत नव्हता.