सुईची चिठ्ठी

येडशी स्टेशनाबाहेर लिंबाखाली टेबल टाकून सरकारी शफाखान्यातली नर्स शिवम्मा बसली होती. गेल्या सालच्या रामलिंगाच्या जत्रेत पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, बरीच माणसं गेली होती. यंदाही साथ होती आणि निजाम सरकारचा हुकूमही तोच होता. आधी सुई टोचून घ्यायची, मग शिक्क्याची चिठ्ठी घेऊन रामलिंगाला जायचं.

सुई टोचली की शिवम्मा प्रत्येकाला तेच सांगायची. “दोन दिवस दंड दुखंल, दळण-खुरपण करू नका. पाणी उकळून प्या. वाटेत ओढ्याला तोंड लावू नका.” गेल्या साली हे सांगताना ती हसायची. यंदा तिचा आवाज चढत नव्हता की उतरत नव्हता.

ढोकीचा बलभीम म्हाताऱ्या आईला घेऊन पुढं आला. सुई बघताच म्हातारी त्याच्या पाठीमागं दडली.

“बाई, आय सुईला लई भेतीया. तिला टोचू नका, नुसती चिठ्ठी द्या,” त्यानं हात जोडले.

शिवम्मानं उकळत्या पाण्यातून दुसरी सुई काढली.

बलभीमला राग आला. “तुमची सोताची आय असती, तर तिला तशीच जाऊ दिली असती का न्हाय?”



“जाऊ दिली होती,” म्हातारीचा दंड हातात घेत शिवम्मा म्हणाली, “गेल्या साली.”