सनोबर आपाचं फाटक

"पुन्हा कुत्री आली होती," महफुजा खुर्चीवर टेकायच्याही आधी म्हणाली. "आपाच्या उघड्या फाटकातून आत, तिथनं पडक्या भिंतीवरून माझ्या अंगणात. या खेपेला दोन कोंबड्या गेल्या. तुम्ही काही करणार आहात, मिरवली अका, की मी वर हाकिमाकडे जाऊ?"

"बस आधी. चहा घे."

"चहा पिऊन कोंबड्या परत येतात का?"

मिरवली अका मोहल्ला समितीचे अध्यक्ष. फरगान्याच्या या टोकाला कोणाच्या तुतीची फांदी कोणाच्या छपरावर टेकली, पाटाचं पाणी कोणी आपल्या वाफ्यात वळवलं, लग्नातले कर्णे भल्या पहाटे कोणाच्या उशाशी वाजले, सगळं त्यांच्या टेबलावर येऊन पडायचं. बहुतेक तक्रारी ते चहा पाजून जिरवत. ही जिरत नव्हती.

फाटक होतं सनोबर आपाचं. नवरा आधीच गेलेला. तीन वर्षांपूर्वी एकुलता एक इल्होम रशियात परांचीवरून पडला आणि पेटीतून घरी आला. मयताच्या घराचं फाटक उघडं ठेवायचं, भेटायला येणाऱ्याला कडी वाजवायला लावायची नाही, ही आमच्याकडची रीत. वर्षाचा फातेहा पढून झाला की लोक फाटक लावून घेतात आणि जगायला लागतात. आपानेही लावलं होतं. पण गेल्या हिवाळ्यापासून ते पुन्हा उघडं राहू लागलं, तेही रात्रभर. बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला, असं बायका हळू आवाजात बोलायच्या.

दुसऱ्या कोणाचं असतं तर अकांनी एका दमात निकाल लावला असता. इथे त्यांचा पाय उचलत नव्हता. इल्होमला रशियात नेलं ते त्यांच्याच मुलाने, शेरजोदने. दफनालाही तो आला नाही. अकांनी त्याला फोनवर एवढंच सांगितलं, की पुन्हा या मोहल्ल्यात तोंड दाखवू नकोस. त्यानंतर घरात त्याचं नाव निघत नसे. बायको घ्यायची, पण चुलीपाशी, एकटी असताना.

दुपारी बाजारातून एक जाड कडी घेऊन अका आपाच्या घरी गेले. तिने चहा ओतला. वाटी अर्धीच भरली, मानाच्या पाहुण्याला भरतात तशी.

"लोकांना कुत्र्यांचा त्रास होतो, आपा."

"महफुजाला माझ्या दोन कोंबड्या देते. गप्प बसेल. दिवसा लावते की मी फाटक. रात्रीचं तेवढं राहू द्या."

"अहो, रात्रीच तर लावायचं असतं."

"रात्रीच तर तो येईल," आपा म्हणाली. "कडी वाजवायचा नाही तो. लाजतो. बंद दिसलं तर तसाच मागे फिरेल."

अकांनी वाटी खाली ठेवली. बाया म्हणत होत्या ते खरं होतं तर.

"गेलेली माणसं परत येत नाहीत, आपा."

तिने त्यांची वाटी पुन्हा अर्धी भरली. मग तिने विचारलं, "तुमच्या शेरजोदची काही खबर?"

"त्याचं नाव या अंगणात नको. त्याने तुमचं घर रिकामं केलं. माझ्या लेखी तो संपला."

"माझा कोणावर राग नाही, अका."

"तो तुमचा मोठेपणा. मी तेवढा मोठा नाही."

आपा आणखी काही बोलणार होती. पण तिने फक्त दस्तरखानाच्या कापडावरचे रोटीचे कण गोळा केले.

अकांनी स्वतःच्या हाताने कडी बसवली. रोज रात्री लावीन असा शब्द मागितला, तोही इल्होमच्या नावाने. आपाने बराच वेळ घेतला, पण दिला. त्या रात्री अकांना जेवण गेलं नाही. एका आईची वेडी का होईना, आशा आपण खिळे ठोकून बंद केली, या विचाराने त्यांना भरून येत होतं.

पहिलं हिव पडलं त्या सकाळी महफुजा समितीत आली ती गरम रोटी घेऊन. असं पहिल्यांदाच घडत होतं.

"तुमचे पाय धुऊन पाणी प्यावं, अका. आज उजाडायच्या आत आपाकडे चोर आला होता. उंच, खांद्याला पिशवी. फाटक ढकललं, उघडेना, तर तिथेच उभा. मी गच्चीवरून ओरडले, कोण रे तिकडे? पळाला नाही मेला. खाली मान घालून हळूहळू बसथांब्याकडे गेला."

अकांच्या मनावरचं ओझं उतरलं. चांगलंच केलं म्हणायचं. ते तसेच आपाकडे गेले. ती अंगणात बसली होती, शाल न घेता, थंडीत.

"कडीने वाचवलं बघा तुम्हाला," त्यांनी सगळं सांगून वर म्हटलं.

"पहिली बस गेली का?"

"केव्हाच."

आपाने डोळे मिटले. "गेल्या हिवाळ्यात आला तेव्हा अंगावर धड कोटसुद्धा नव्हता."

"कोण, इल्होम?" अकांनी लहान मुलाशी बोलावं तसं विचारलं.

"इल्होमला तुम्हीच खांदा दिलात, अका. मेलेल्याची वाट बघायला मी वेडी झालेली नाही." तिचा आवाज फुटला. "माझे पाय धरून रडला तो. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. बापाच्या दारात जायची छाती होत नाही, म्हणाला. मग मीच म्हटलं, शेरजोद, बाळा, तोवर माझ्याकडे येत जा."