हाताचा गुण

लाखेवर शिक्का बसला आणि 'शुद्ध कॅल्शियम'च्या डब्यांचं कपाट बंद झालं. औषध खात्याच्या अधिकारीबाईंनी कपाळावरचा घाम पुसला. दुकानाच्या दाराशी गिऱ्हाइकांचा गलका चढत होता.

"उठून बसलेली माणसं पुन्हा खाटेला खिळवायला आलात होय?" एक म्हातारबुवा कडाडले.

"आजोबा, डबीवर कॅल्शियम लिहिलंय, आत स्टिरॉइड निघालंय. आज गुडघा उठवेल, उद्या हाडं पोखरेल. पण गोळ्या एकदम सोडूही नका. आधी डॉक्टरांना दाखवा."

"उद्याचं कुणाला सांगता बाई? आमच्या पदरात उद्या उरलेत किती!"

लोक हसले. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत एक बाई आत आली. काठी नाही, कुणाचा आधार नाही, पाऊल कसं वाऱ्यावरच्या पिसासारखं हलकं. अधिकारीबाईंची आईच ती.

लेकीचा जीव सुपाएवढा झाला. एकेकाळी घरातल्या घरात भिंत धरून चालणारी आई आज चक्क रस्ता ओलांडून आली होती! कामावरून आली की लेक तेल कोमट करायची, आईचे पाय मांडीवर घ्यायची, चोळता चोळता दिवसभराचं सांगायची. आई डोळे मिटून म्हणायची, "पोरी, तुझ्या हाताला गुण आहे गं." त्या शब्दापायी, आई चालू लागली तरी, लेकीने एक संध्याकाळ चुकवली नव्हती. कचेरीत तर तिने हात दाखवून मिरवलं होतं.

"या आजींनाच विचारा," दुकानदार फुशारला. "आमचं जुनं गिऱ्हाईक!"

तेव्हा कुठे लेकीला आईच्या मुठीतली रिकामी डबी दिसली.

तिने आईला हाताला धरून बाहेरच्या बाकावर बसवलं. स्वतः उभीच राहिली.

"कधीपासून घेतेस?"

"झाले बरेच महिने."

"म्हणजे माझ्या चोळण्याने काहीच झालं नाही?"

आईने रिकामी डबी पदराआड सरकवली. आतून दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला.

"अगं, मी अख्ख्या गावाची खोटी औषधं पकडते, आणि तू माझ्याशीच खोटं बोललीस? का गं आई?"

आईने तिचे दोन्ही हात ओढून आपल्या मांडीवर घेतले.

"खरं सांगितलं असतं, तर संध्याकाळी माझ्यापाशी बसली असतीस?"