पुढच्या मॅचपर्यंत

ड्वेन आणि समोरच्या घरातला क्लेटन, दोघं वेगवेगळ्या कॉलेजांचे कट्टर. दर नोव्हेंबरात त्या दोन कॉलेजांची फुटबॉल मॅच व्हायची, आणि ज्याचं कॉलेज हरेल त्याने पुढच्या मॅचपर्यंत दुसऱ्याचा झेंडा आपल्या व्हरांड्यात लावायचा, अशी त्यांची जुनी पैज. एका वर्षी ड्वेनने मुकाट्याने क्लेटनचा जांभळा झेंडा लावला, आणि त्याच हिवाळ्यात क्लेटनचं कॉलेज टीव्हीच्या पैशांमागे दोघांचा जुना गट सोडून बड्या कॉलेज-संघांच्या मोठ्या गटात निघून गेलं. सामने गटातल्या गटातच व्हायचे, त्यामुळे मॅचच बंद झाली.

"काढ की रे आता ते फडकं!" बायको, लोरेटा, वैतागून म्हणायची.

"पुढच्या मॅचपर्यंत म्हणजे पुढच्या मॅचपर्यंत," म्हणत ड्वेन फोनवर बातम्या चाळत बसायचा: मोठ्या गटात आणखी कोणाकोणाला घेणार? दर उन्हाळ्यात त्याच्या कॉलेजचं नाव चर्चेत यायचं आणि ऐनवेळी गळायचं.

अखेर या जुलैत त्यांना घेतलं. ड्वेन दुखरे गुडघे सांभाळत रस्ता ओलांडून गेला. क्लेटन तोंड पाडून पायरीवर बसला होता.

"आलो बाबा एकदाचे तुमच्या गटात! नोव्हेंबरात उतरवतो बघ तुझं लक्तर."

"दुपारची बातमी नाही बघितलीस? आम्ही चाललो दुसऱ्या गटात."

ड्वेन त्याच्या शेजारी मटकन बसला.



मग क्लेटन उठून आत गेला आणि नवा कोरा जांभळा झेंडा घेऊन आला. "धर. जुना पार विटलाय."