कोल्ड स्टोरेजमधली डॉक्टरीणबाई

"दार लाव व माय! उजेड यी ऱ्हायना!" मगननाना ओरडले, आणि उजेड आत येऊ नये म्हणून भूमिकानं घरच्या कोल्ड स्टोरेजचं जाडजूड दार सगळा जोर लावून ओढून घेतलं.

बाहेर सावद्याचं मे महिन्यातलं ऊन अंग भाजून काढत होतं. आत हिरव्या केळीच्या क्रेटवर बसून घरचे सगळे कुडकुडत होते. भूमिकाचे बाबा, हितेंद्रभाऊ, कानटोपी घालून अगदी समोर. शेजारी आई, शाल घट्ट लपेटून. भिंतीवर पांढरी चादर ताणलेली.

इथं अंधारात सिनेमा लावायची कल्पना भूमिकाचीच होती. दहावीला शाळेत पहिली आली होती ती! तिला भुसावळला अकरावी सायन्सला जायचं होतं, आणि बाबांचं एकच पालुपद: "रोजचं अप-डाऊन, त्यात ते अॅसिड, ते स्फोट. पोरीच्या जातीला झेपतं का? इथंच आर्ट्स कर."

रडारड करायची तिची पद्धतच नव्हती. तिनं सरळ धुळ्याला फोन लावला. आईचे वडील, मगननाना, एकेकाळी गावोगाव तंबू ठोकून सिनेमे दाखवायचे. इंग्रजी सिनेमा असला की स्वतः पडद्याशेजारी उभे राहून कर्ण्यातून गोष्ट सांगायचे. लोक म्हणे सिनेमा बघायला कमी आणि नानांना ऐकायला जास्त यायचे. तंबू गेला. एक मशीन आणि एक सिनेमा तेवढा त्यांनी जपून ठेवला होता. शास्त्रज्ञांचा.

"हाई देखीसन तुना बाप हो म्हनी," नाना फोनवर म्हणाले होते. आणि आले की खरंच, एसटीनं, मशीन मांडीवर घेऊन!

"आवाजनी वायर जळी गई," त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. "चालस. मी शे ना!"

मशीन घरघरलं. चादरीवर बर्फ पसरला. काळापांढरा, दूरवर, कुठंच न संपणारा. इथली थंडी आणि तिथला बर्फ एकच झाला. आपण आत्ता सावद्यात नाहीच, असं भूमिकाला वाटायला लागलं. शास्त्रज्ञांनी बर्फ खोदून एक गोळा वर काढला. गोळा धपापत होता. जिवंत असल्यासारखा! जरा ऊब लागली की फुगायचा. आधी नारळाएवढा, मग खोलीएवढा. खांब वाकले, काचा फुटल्या.

"अरे बाप रे," बाबा पुटपुटले.

तेवढ्यात ती आली. पांढरा डगला, केस घट्ट बांधलेले, हातात धातूची चकचकीत नळकांडी. तोंडातून वाफ निघत होती नळकांडीच्या.

"हाई देखा!" नानांचा आवाज चढला. "हाई डॉक्टरीणबाई. बठ्ठा शास्त्रज्ञस्मा मोठी शे! गोळानं औषध इनी एकलीनीच शोधं!"

आई हळूच म्हणाली, "नाना, मी लहान असताना बघितला तेव्हा ही डॉक्टरीण नव्हती वाटतं."

"तू झोपी गई व्हती," नाना म्हणाले. आईकडे त्यांनी पाहिलंच नाही.

बाईंनी नळकांडी पुढे केली. एका शास्त्रज्ञानं हात वर करून मान हलवली. दुसरा मागे सरकला. तिसऱ्यानं तर पाठच फिरवली.

"देखा, कोनी हिंमत नही! हात लावाले बी घाबरतंस!" नाना गरजले. "मंग काय, पोरगी एकलीच चालनी!"

बाई दार उघडून वादळात गेल्या. एकट्या. पुढच्याच क्षणी पडदाभर लख्ख उजेड, आणि गोळा विझत विझत मुठीएवढा झाला. भूमिकाच्या अंगावर सर्रकन काटा आला. बर्फाचा नव्हे!

दिवा लागला. बाबा क्रेटवरून उठले.

"त्या काळात, एकटी बाई..." त्यांनी कानटोपी काढली. "आणि मी भुसावळच्या अप-डाऊनला घाबरतोय. सोमवारी जाऊ गं. सायन्सलाच नाव घालू."

आईनं डोळ्यांना शालीचं टोक लावलं. तिचं दहावीनंतर लगेच लग्न झालं होतं. नानांनीच लावलं होतं. नाना तिला काहीतरी म्हणायला गेले, पण म्हणाले एवढंच, "नूतन, चहा ठेव माय." सगळे उन्हात चहाला निघाले.

भूमिका मागे थांबली. डॉक्टरीणबाईंना एकदा फक्त दोघींनीच भेटायचं होतं तिला! मशीन कसं चालतं ते सकाळीच शिकून घेतलेलं. रीळ उलटं फिरवताना स्पीकरच्या मागे हात गेला. वायर कुठंच जळलेली नव्हती. पिन नुसती काढून, नानांच्या चौकड्यांच्या रुमालात नीट गुंडाळून ठेवली होती.

तिनं पिन खोचली. मशीन सुरू केलं.

स्पीकर खरखरला. पांढऱ्या डगल्यातल्या बाई वाफाळती नळकांडी घेऊन पुढे आल्या, गोड हसल्या आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, अजून थोडी कॉफी देऊ?"